फुंकर मारण्याआधी

म्यूझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा डिप्लोमा संपवून मुंबईतल्या एका खासगी संग्रहात नोंदणीच्या कामाला लागले, तेव्हा वाटलं होतं ताम्रपट नाही तर निदान एखादं जुनं नाणं हातात येईल. आली ती व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट. आणि मी लहानपणी करायचे तेच केलं: उचलली, खालच्या फटीत फूऽऽ!

मॅडमनी कपाळाला हात लावला. तोंडातल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पिना गंजतात. गेम सुरू व्हायचा तो फुंकरीमुळे नव्हे, कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. सगळं बालपण वाया!

या कामात नवीन असाल तर आधी पिना मोजा. जपानमध्ये १९८३ साली आलेल्या फॅमिकॉम या व्हिडिओ गेम यंत्राच्या कॅसेटला ६०, त्याच्याच अमेरिकेतल्या अवताराच्या, एनईएसच्या कॅसेटला ७२. आपल्याकडे घरोघरी असायच्या त्या बहुतेक फॅमिकॉमच्या नकला. आमची ६०ची निघाली.

लेबलवर '९९९९९ इन १' छापलेलं. मी गेमची संख्या म्हणून तेच लिहून मोकळी झाले. लेबलाचं म्हणणं 'लेबलवरील मजकूर' या रकान्यात, अवतरणचिन्हांत लिहायचं. आत मोजकेच गेम फिरून फिरून येतात, हे चाळीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. वस्तूचं नाव 'कार्ट्रिज' लिहा, पण शेजारी 'कॅसेट'ही लिहा. लॅमिंग्टन रोडवर कार्ट्रिज मागाल तर प्रिंटरची शाई पुढे येईल.

नोंदणी क्रमांक घालताना माझी खरी परीक्षा झाली. मातीच्या भांड्यावर आपण अॅसिटोनमधल्या रेझिनचा पातळ थर देऊन त्यावर आकडे लिहितो. ही कॅसेट एबीएस प्लास्टिकची, आणि एबीएस अॅसिटोनमध्ये विरघळतं. बाटलीचं झाकण उघडलेलं असताना हे आठवलं. शेवटी क्रमांक कागदी चिठ्ठीवर लिहून सुती फितीने बांधला.

मागच्या बाजूला बॉलपेनने कुणा मुलाचं नाव आणि 'इ. ५ वी ब' आहे. मी ते पुसायला निघाले होते! कारखान्यातून अशा पिवळ्या कॅसेटी ढिगाने निघाल्या. ५ वी ब मधली ही एकच.

आता ती डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. पावसाळ्यात पुड्या सारख्या बदलाव्या लागतात. पाहायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "चालते का हो?" जुन्या अॅडॉप्टरने आतली चिप जळाली तर काय घ्या, म्हणून आम्ही अजून लावून पाहिलेली नाही.