बगलेत हात घालून उचलू नका: वृद्धाश्रमात माणूस हलवताना या चुका टाळा

एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मामा, दोघांचे हात आजींच्या बगलेत आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत त्यांना पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं. ही पद्धत वृद्धाश्रमांत आणि शुश्रूषा केंद्रांत सर्रास दिसते. ती सहसा कुणी शिकवलेली नसते. जुन्या मावशींचं बघून नव्या मावशी तसंच करायला लागतात. पुढच्या निम्म्या चुका याच एका सवयीतून निघतात, म्हणून आधी तिच्याबद्दल.

बगलेत धरून उचललं की सगळं वजन खांद्याच्या सांध्यावर लटकतं. म्हातारपणी हा सांधा आधीच कुरकुरत असतो. अर्धांगवायूच्या बाजूचा खांदा तर ढिला पडलेला असतो आणि अशा ओढण्यानं तो जागेवरून सरकू शकतो. बगलेतून हाताकडे जाणाऱ्या नसाही दाबल्या जातात. शिवाय पाय जमिनीवर नीट टेकलेले नसल्यामुळे आजींच्या पायांत जो काही जोर उरला असेल, तो वाया जातो. तेवढ्यात गुडघे मुडपले तर सगळा भार मावशींवर येतो आणि पाठीत उसण भरते. ब्रिटनमध्ये ही पद्धत केव्हाच बाद ठरली आहे.

वजनाचं गणितही बघा. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं माणसाला हलवताना एका कर्मचाऱ्यावर येणाऱ्या भाराची मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो सांगितली आहे. त्यापुढे साधन वापरा, असा त्याचा अर्थ. पन्नास किलोच्या आजींना दोघांनी उचललं तरी प्रत्येकावर पंचवीस किलो येतात. म्हणजे बारीक आजीसुद्धा ‘हलक्या’ नाहीत. आणि कर्मचाऱ्यानं स्वतःच्या कमरेला पट्टा बांधला म्हणून ही मर्यादा वाढत नाही. निरोगी कर्मचाऱ्याची पाठ पट्ट्यामुळे वाचते याला पुरेसा आधार नाही, हे याच संस्थेनं १९९४ मध्ये सांगून ठेवलं आहे.

मग उठवायचं कसं?

ज्यांच्या पायांत थोडा तरी जोर आहे त्यांना उचलायचं नाही, उठायला मदत करायची. आजींना पलंगाच्या कडेशी सरकू द्या. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, एकमेकांपासून थोडी लांब आणि गुडघ्यांच्या किंचित मागे हवीत. आता पुढे वाकायला सांगा, नाक गुडघ्यांच्या पुढे जाईल इतकं. हात खुर्चीच्या दांड्यांवर किंवा गादीवर रेटायचे. तुम्ही समोर नाही, शेजारी उभं राहायचं. एक तळवा त्यांच्या पाठीवर, खालच्या बाजूला. पुढे न वाकता सरळ उठायचा प्रयत्न केला की माणूस मागे कोसळतो आणि आपण म्हणतो, ‘आजी अंग सोडतात.’ बऱ्याचदा त्या अंग सोडत नसतात, त्यांची पावलं फार पुढे राहिलेली असतात.

पलंग बुटका असेल तर कुणालाही उठता येणार नाही. बसल्यावर नितंब गुडघ्यांपेक्षा थोडे वर राहतील एवढी उंची लागते.

‘माझ्या गळ्यात हात टाका’ हे वाक्य मात्र कायमचं बंद करा. तोल गेला की त्यांची पकड घट्ट होते आणि सगळा हिसका तुमच्या मानेला बसतो. धरायला काही हवं असेल तर त्यांच्या कमरेला बांधायचा रुंद चालण्याचा पट्टा वापरा. तो आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं जावीत. पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा पोटात नळी असेल तर पट्टा नको.

आकडे मोजण्याचाही घोळ आहे. तीन म्हणतानाच उठायचं की तीन म्हटल्यानंतर? मावशींचं एक असतं, मामांचं दुसरं आणि आजींना कुणी विचारलेलंच नसतं. त्यापेक्षा ‘तयार? पुढे वाका. उठा.’ हे शब्द ठरवून घ्या. बोलणारा माणूस एकच हवा.

उभं केल्यावर भोवळ येते

झोपलेल्या माणसाला थेट उभं केल्याचा हा परिणाम. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर ते वैद्यकीय भाषेतही दखल घेण्याजोगं लक्षण मानतात. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे बरंच आढळतं. दोन-तीन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवा, पावलं वरखाली हलवायला सांगा. चेहरा पांढरा पडला, घाम आला किंवा बोलणं थांबलं तर ‘थोडंसंच राहिलंय’ म्हणत पुढे रेटू नका. परत आडवं करा. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना कळवा, गोळ्या बदलाव्या लागू शकतात.

व्हीलचेअर सरकते

ब्रेक लावूनही खुर्ची सरकत असेल तर आधी टायर दाबून बघा. बऱ्याच खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. हवा कमी झाली की तो लागल्यासारखा नुसता दिसतो, धरत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्या खालीच राहणं. त्यांत पाय अडकतो, नडगी सोलवटते आणि म्हाताऱ्या त्वचेवरची ती जखम भरायला आठवडे लागतात.

अर्धांगवायू असेल तर खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला लावा. परत पलंगावर येताना बाजू उलटते, म्हणून खुर्चीही फिरवून लावायला हवी. हे हमखास विसरलं जातं. बसण्याआधी पायांच्या मागच्या बाजूला खुर्ची लागली का, हे त्यांनाच विचारा. आणि नवी खुर्ची घेणार असाल तर थोडे पैसे जास्त गेले तरी हातांचे दांडे निघणारी घ्या. पक्क्या दांड्यांच्या खुर्चीत बाजूनं सरकवून बसवताच येत नाही, मग पुन्हा उचलणं आलंच.

सारखे खाली घसरतात

हा प्रश्न ताकदीचा नाही, पलंगाचा आहे. डोक्याकडची बाजू वर केली आणि गुडघे सपाटच राहिले की माणूस घसरणारच. माणूस पलंगावर पुरेसा वर आहे ना, म्हणजे पलंग जिथे दुमडतो तिथेच नितंब आहेत ना, ते बघा. आधी गुडघ्यांकडचा भाग थोडा वर करा, मग डोक्याकडचा.

घसरल्यावर बगलेत धरून वर ओढलं की माकडहाडावरची कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. बेडसोरला आमंत्रण ते हेच. पलंग सपाट करा (नळीतून आहार चालू असेल तर आधी तो थांबवा), त्यांना गुडघे मुडपायला सांगा आणि खांद्यांपासून मांड्यांपर्यंत पसरलेल्या चादरीला दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवा. नायलॉनची घसरती चादर मिळाली तर काम अर्ध्यावर येतं, पण काम झाल्यावर ती काढून घ्या, नाहीतर माणूस तिच्यावरूनच खाली येईल. लघवीची पिशवी आधी हलवा, माणूस नंतर. आणि पलंगाचा हँडल फिरवून झाल्यावर आत ढकला. सगळ्यांच्या नडग्यांना त्याची ओळख असते.

होइस्ट कोपऱ्यात धूळ खातोय

देणगीत आलेला होइस्ट (माणसाला झोळीत घालून उचलणारं यंत्र) वापरात नसण्याचं कारण पुष्कळदा साधं असतं: दिवाणाखाली सामानाचे कप्पे असतात आणि होइस्टचे पाय आत जातच नाहीत. यंत्र मागवण्याआधी पलंगाखालची मोकळी उंची मोजा. झोळी माणसागणिक लागते. मोठ्या झोळीतून बारीक माणूस निसटू शकतो. दर वेळी शिवण आणि पट्टे तपासा, डाव्या-उजव्या बाजूचे फास एकाच मापाच्या रांगेत अडकवा आणि थोडं उचलून थांबून पुन्हा एकदा बघा. उचलताना यंत्राच्या चाकांचे ब्रेक बहुधा मोकळेच ठेवायचे असतात, म्हणजे ते भाराखाली स्वतःला सरळ करून घेतं. तरी तुमच्या यंत्राची पुस्तिका काय म्हणते ते पाहा. ब्रिटनच्या नियमांनुसार माणसं उचलणाऱ्या यंत्राची कसून तपासणी साधारणपणे सहा महिन्यांनी होते. हा पायंडा उचलण्यासारखा आहे. पुढची तारीख यंत्रावरच चिकटवा.

पडले, तर

पडताना झेलू नका. जवळ असाल तर त्यांना आपल्या अंगाला टेकवत खाली सरकू द्या, डोकं सांभाळा. पडल्यावर सगळे धावतात आणि पहिल्याच झटक्यात उभं करतात, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, मांडीच्या सांध्यात कळ असली तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. तिथंच पांघरूण घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर माणूस हसत बोलत असला तरी दवाखाना. काहीच दुखत नसेल आणि स्वतः हालचाल जमत असेल तर कुशीवर, मग गुडघ्यांवर. पुढ्यात ठेवलेल्या खुर्चीला धरून एक पाऊल टेकवायचं आणि मागे सरकवलेल्या दुसऱ्या खुर्चीत बसायचं.

हात लावला की ओरडतात, मारतात

स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला दोन अनोळखी चेहरे दोन बाजूंनी येऊन पकडतात, तेव्हा तो मारणारच. समोरून या, नाव घ्या, एका वेळी एकच गोष्ट सांगा. तरीही विरोध असेल तर दुखतंय का ते शोधा. पार्किन्सनच्या आजोबांची पावलं दारात खिळली तर ओढू नका. थांबून फरशीची रेघ ओलांडायला सांगितलं की पाऊल सुटतं बऱ्याचदा.

प्रत्येक पलंगापाशी एक कार्ड हवं: किती माणसं, कोणतं साधन, कोणती बाजू कमजोर. सकाळी स्वतः उठणारे आजोबा संध्याकाळी थकलेले असतात, तेही लिहा. आता खरी गोम. कार्डावर ‘दोन माणसं’ आणि रात्रपाळीला मावशी एकच, ही चूक मावशींची नाही, संचालकांची आहे. अशा रात्री कमोडऐवजी पलंगावरच बेडपॅन द्यायचा, की पहारेकरी मामांना शिकवून दुसरा माणूस तयार ठेवायचा, हे मध्यरात्री एकट्या मावशींनी ठरवायचं नसतं. संध्याकाळची पाळी सुटण्याआधी ते कार्डावर लिहून, खाली सही झालेली हवी.