मुलाला हॉर्स रायडिंग थेरपीला घालताय? आधी हे बघून घ्या

हॉर्स रायडिंग थेरपी म्हणजे चालण्यात, तोल सावरण्यात अडचण असलेल्या मुलांना घोड्यावर बसवून करून घेतलेला व्यायाम. महाबळेश्वरला घोड्यावर एक चक्कर मारून आणली म्हणजे थेरपी झाली असं नाही हां, कितीतरी पालक तिथेच गल्लत करतात. खरी गंमत घोड्याच्या साध्या चालीत आहे. घोडा चालतो तेव्हा वर बसणाऱ्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी गोल अशी हलते, जवळपास आपण स्वतः चालताना हलते तशीच, म्हणजे ज्या मुलाला चालताच येत नाही त्याच्या शरीराला तो अनुभव बसल्या जागी मिळतो आणि तोल सावरायला पोटा-पाठीचे स्नायू आपोआप कामाला लागतात. त्यामुळे पळवायची घाई नको, सुरुवातीला फक्त चाल.

पहिलं काम म्हणजे डॉक्टरांची लेखी परवानगी, ती मागत नाहीत त्या सेंटरला जाऊच नका. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांची तपासणी झालेली हवी, तिथे ढिलेपणा असेल तर घोड्यावर बसवत नाहीत. खुब्याचा सांधा निसटलेला, फिट्स कंट्रोलमध्ये नाहीत, पाठीला जास्त बाक, बसायच्या जागी जखम, हाडं ठिसूळ, यातलं काही असेल तर आधी ऑर्थो किंवा न्यूरोवाल्यांशी बोला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना तेही बघा, तबेला म्हटला की लीद आलीच.

मग एकदा मुलाला न नेता सेंटर बघून या. घोडा कसा उभा राहतो ते बघा, बाजूला बादली पडली तर दचकतो का, चढवताना हलतो का. रेसमधून रिटायर झालेला तडफदार घोडा दिसायला झकास पण या कामाला बहुतेक वेळा नकोच, इथे मोठ्या वयाचा शांत घोडा लागतो. सेरेब्रल पाल्सीत (मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही ती अवस्था) बहुतेक वेळा मांड्या आतून घट्ट असतात, अशा मुलाला रुंद पाठीचा घोडा दिला की पाय ताणून रडारड होते, म्हणून अरुंद पाठीचा मागून घ्या.

माणसं किती आहेत तेही मोजा. नवीन मुलासोबत तिघं हवीत, एक घोडा धरणारा आणि दोन्ही बाजूंना एकेक जण. बाजूच्यांचा हात मुलाच्या मांडीवरून जाऊन खोगिराची कड पकडतो, त्यामुळे मूल कलंडलं तरी घसरत नाही. आईबाबांनी हे काम करू नये असं माझं स्पष्ट मत, कारण मूल सारखं तुमच्याकडेच वळून बघतं आणि तोल तिथेच जातो.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं, सायकलचं चालत नाही. पण मान धरता येत नसेल तर त्या हेल्मेटचंच ओझं होतं, आधी थेरपिस्टला विचारा. फुल पँट घाला, पण जाड शिवणीची नको, ती आत टोचते. चढवायला रॅम्प असला की उत्तम, उचलून टाकण्यात मुलाचे पाय आणि घोड्याची पाठ दोघांचेही हाल. उतरवताना दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर आलेत ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पहिल्या दिवशी बसलंच नाही तर नुसता मानेवरून हात फिरवू द्या, पुरे. बसलं तर हातांकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला हँडलवर मुठी आवळलेल्या असतात, दोन-चार चकरांनी बोटं सैल झाली तर समजा जमतंय. वीस-तीस मिनिटं खूप झाली. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं का, झोप कशी लागली हे वहीत लिहून फिजिओला दाखवा, आणि घोडा चालू झाला म्हणून फिजिओ बंद असं करू नका.

कुणी नातेवाईक "असल्यांना घोडा कशाला" म्हणालाच तर डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचं नाव सांगा. पोलिओने गुडघ्याखाली पाय लुळे पडलेले, घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची, तरी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याची स्पर्धा) रौप्य पदक जिंकलं.

आणि फी भरण्याआधी पावसाळ्याचं विचाराच. शेड नसेल तर जून ते सप्टेंबर मैदानात नुसता चिखल, सेशन कॅन्सल होतात आणि पैसे मात्र अडकून राहतात. महिन्याचेच भरा.