पावसाळाभर गावच्या घरी गाडी ठेवताना: बॅटरी, अर्थची पट्टी आणि वायरिंगची तयारी

मे महिन्याची सुट्टी संपवून चाकरमानी मुंबईला परतला, की कोकणातल्या अनेक घरांच्या पडवीत किंवा अंगणातल्या पत्र्याखाली एखादी गाडी मागे उरते आणि तिला पुन्हा किल्ली लागते ती थेट गणपतीला. जून ते सप्टेंबर या काळात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वाऱ्याबरोबर येणारा खार घरातल्या खिळ्यांनाही सोडत नाही, तिथे गाडीतल्या तांब्याच्या तारांची काय कथा. अशा वेळी गाडी चालू झाली नाही, की सगळा दोष बॅटरीला दिला जातो. माझे मत असे आहे, की किनाऱ्यावर बॅटरीइतकेच लक्ष वायरिंगच्या सांध्यांकडे द्यायला हवे.

देवगडजवळच्या आमच्या घरी ठेवलेल्या गाडीसाठी एका गणपतीत मी नवी बॅटरी आणली, तरीही सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फिरका देणारी मोटर, ‘टक’ एवढाच आवाज करून थांबला. शेवटी गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी (करंटला बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट देणारी जाड तार) सोडवून पाहिली, तेव्हा तिचे टोक हिरवट पडलेले दिसले आणि बॉडीच्या बाजूचा गंज नखाने पापुद्र्यासारखा निघाला. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, बोल्ट आवळला, आणि गाडी पहिल्याच फिरक्यात सुरू झाली. तेव्हापासून गाडी ठेवण्याआधी ही पट्टी सोडवून, घासून, पुन्हा आवळून वरून ग्रीसचा थर देण्याचे काम मी कधीही चुकवत नाही. सांधा बिघडला आहे का हे मल्टिमीटरने आधीच कळते: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरावी आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. त्या क्षणी काटा 0.2 व्होल्टच्या वर जात असेल, तर अर्थच्या वाटेत कुठेतरी गंज आहे.

बॅटरीचे काम त्यानंतरचे. हातातली अंगठी, बांगडी किंवा कडे काढून ठेवावे, कारण पाना आणि दागिना यांतून शॉर्ट झाल्यास गंभीर भाजते. जवळपास विडी-काडी नसावी, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो. सोडवताना निगेटिव्ह आधी आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी, हा क्रम कधीही उलटा करू नये. पॉझिटिव्ह आधी सोडवायला घेतले आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर भुकटी साचली असल्यास कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या टूथब्रशने लावावा. पाणी फसफसले म्हणजे आम्लाचा अंश उरला आहे. फसफसणे थांबेपर्यंत लावत राहावे, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. नंतर गोड्या पाण्याने पुसून, पूर्ण कोरडे करून, क्लॅम्प आवळल्यानंतर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पातळी डिस्टिल्ड वॉटरनेच भरावी. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी तर तिच्या जवळही नेऊ नये.

गाडी बंद करून रात्रभर ठेवल्यावर 12.6 व्होल्ट किंवा अधिक दाखवणारी बॅटरी पूर्ण भरलेली समजावी. 12.2 म्हणजे साधारण निम्मी. निम्म्या बॅटरीला तसेच पडू दिले, की तिच्या आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात आणि नंतर कितीही चार्जिंग केले तरी तिची मूळ ताकद परत येत नाही. बंद गाडीतही घड्याळ, लॉक आणि कॉम्प्युटर थोडा करंट खातच असतात. तो 50 मिलिअँपियर धरला, तर दिवसाला 1.2 अँपियर-तास जातात, आणि 35 अँपियर-तासांची लहान बॅटरी पंधरवड्यात निम्मी होते. त्यामुळे तीन महिन्यांसाठी निगेटिव्ह सोडणे हा कमीत कमी उपाय आहे. त्याहून चांगले म्हणजे बॅटरी पूर्ण चार्ज करून घरात आणावी आणि फळीवर ठेवावी. जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते ही समजूत आजच्या प्लास्टिकच्या बॅटऱ्यांना लागू नाही, पण पावसाळ्यात आपल्याकडच्या लाद्यांना पाणी सुटते आणि ओल टर्मिनलना लागते, म्हणून फळी हवीच. गावी राहणाऱ्या काकांना महिन्यातून एकदा स्वयंचलित चार्जर लावायला सांगता आले, तर उत्तम. मात्र विजा कडाडत असताना तो प्लगमध्ये राहू नये.

दर आठवड्याला पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवण्याची पद्धत मला योग्य वाटत नाही. सेल्फने खाल्लेला करंट तेवढ्या वेळात पुरता भरून येत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचते. चालवायचीच असेल तर अर्धा तास रस्त्यावर न्यावी.

बॅटरी सोडवण्याआधी दाराची साधी किल्ली खरोखर दार उघडते याची खात्री करावी, कारण विजेवर उघडणारी डिकी नंतर उघडणार नाही. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असल्यास तो आधी लिहून ठेवावा. हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांच्या जाड नारिंगी तारांना घरी हात लावू नये. त्यांच्यासाठी कंपनीची पुस्तिका पाहावी.

समोरच्या काचेखालच्या जाळीत फणसाची आणि आंब्याची पाने साचली, की पाण्याची वाट बुजते, पाणी आत उतरते आणि काही गाड्यांत थेट फ्यूजपर्यंत पोहोचते. ती पाने हाताने काढावीत. दुसरा धोका उंदरांचा. शेतात पाणी भरले की ते कोरडी, उबदार जागा शोधतात आणि बॉनेटखालची वायर कुरतडतात. डांबरगोळ्यांचा वास महिनाभरात उडतो, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये. गाडीजवळ भाताची पोती, पेंढा किंवा सुपारीचा ढीग ठेवू नये आणि बॉनेट शेजाऱ्यांकडून अधूनमधून उघडून घ्यावे. प्लास्टिकची ताडपत्री गाडीला घट्ट गुंडाळली तर आतली ओल आतच राहते, म्हणून हवा खेळेल असे कापडी कव्हर घालून वर पत्र्याचे छप्पर असावे.

परत आल्यावर किल्ली फिरवण्याआधी बॉनेटखाली टॉर्चने पाहावे: पेंढ्याचे घरटे, लेंड्या, उघडी तांब्याची तार. काही कुरतडलेले दिसले तर बॅटरी जोडू नये. सर्व ठीक असल्यास आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह जोडून इंजिन चालू करावे आणि टर्मिनलवर पुन्हा मीटर लावावा. साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले, तर चार्जिंग सुरू आहे. आकडा 12 च्या घरातच अडकला असेल, तर मूर्ती आणायला ती गाडी नेऊ नये; आधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारे जनित्र) आणि त्याला फिरवणारा बेल्ट इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावा.