डोळ्यातला घड

भाची पुण्याहून आली की ओट्यावर बसून विचारते, "मामी, माझ्यात खरंच काही आहे का गं?" म्हणून मी तिला एप्रिलमध्येच बोलावते.

आमच्या निफाडकडे द्राक्षबाग दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. घड दिसतात ऑक्टोबरनंतर, पण ठरतात खरडीनंतरच्या साधारण ४० ते ६० दिवसांत, काडीवरच्या डोळ्याच्या आत. वरून काही कळत नाही. ऊन मिळालं तर आतल्या अंकुराचा घड होतो, दाटीत दडपला तर बाळी, म्हणजे आधार शोधत फिरणारा नुसता तंतू.

तर स्वतःसाठी असं करा. वर्षातून एकदा वही घेऊन बसा. 'मला काय व्हायचंय' वगैरे लिहू नका. गेल्या आठवड्यात वेळ कुठे गेला, तेवढंच लिहा. माझ्या वहीत तीन भिश्या, एक बचत गट आणि जावेशी धरलेला अबोला निघाला. अबोल्याला किती वेळ लागतो, ते लिहिल्याशिवाय समजत नाही! दोन भिश्या लगेच सोडल्या, अबोला सुटायला पोळा उजाडला.

बागेतही दाटी कमी करायला फुटींची, म्हणजे नव्या कोवळ्या फांद्यांची, विरळणी करतात. तीत चांगल्या फुटीही काढाव्या लागतात, आणि हात तिथेच अडतो. एका वर्षी मे ढगाळ, त्यात मजूर मिळेनात. फुटी हिरव्यागार दिसतात म्हणून मी राहू दिल्या. ऑक्टोबरनंतर अर्ध्या बागेत बाळ्याच.

जे ठेवाल त्याला ऊन द्या. भाची चित्रं काढायची ती रात्री बारानंतर, पेंगत. म्हटलं, सकाळचा पहिला तास दे.

मग थांबायचं. छाटणीआधी आम्ही काड्या तपासायला देतो. डोळा चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून घड आहे का ते सांगतात. माणसाची अशी तपासणी नाही, तिथे श्रद्धा लागते. ती मी सासऱ्यांकडे पाहिली. पारा ५ अंशांखाली गेला की मणी तडकण्याची भीती, म्हणून ते रात्रभर बागेत शेकोट्या पेटवायचे, आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जायचे. नाथ बघतील म्हणून शेकोटी विझू दिली नाही, अन् शेकोटी आहे म्हणून वारी चुकवली नाही.

यंदा जूनमध्ये भाचीचा फोन. "मामी, अजून काहीच दिसत नाही गं."

"आमच्याही बागेत नाही दिसत," म्हटलं. "तिकडे पाऊस झाला का?"