मांगरातली किट कार: इंजिन आणि चाकं निवडताना या चुका टाळा

किट कार, म्हणजे सुटे भाग जुळवून घरी बांधलेली गाडी, करायचं डोक्यात घेतलेला माणूस सगळ्यात आधी इंजिन घरी आणतो. मीही तेच केलं. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या मांगरात (शेतातल्या कोठारात), नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी, ओमनीचं ७९६ सीसी इंजिन सात महिने फळ्यांवर बसून होतं. गिअरबॉक्स नव्हता, हब (चाक ज्यावर आवळतात तो भाग) ठरले नव्हते, चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, अजून कागदावरच होती. आई येता-जाता विचारायची, "याला चवथीला माटोळी बांधायची आहे का?" (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट.)

क्रम उलटा हवा. आधी चाक आणि टायर, मग हब आणि एक्सल, मग गिअरबॉक्स, आणि इंजिन शेवटी. चाकाचा व्यास ठरल्याशिवाय चासीची उंची ठरत नाही आणि डिफरन्शियलचं (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाचं) गुणोत्तर बरोबर की चूक हेही कळत नाही. इंजिन काय, जागा असेल तिथे बसवता येतं.

आणखी एक गोष्ट खर्चाला हात घालण्याआधीच बोलून घेतलेली बरी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत आलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. घरी बांधलेली गाडी म्हणजे तर नवंच मॉडेल, आणि नव्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचणी आणि मान्यता लागते. 'आधी बांधू, पासिंगचं नंतर बघू' ही सगळ्यात महागडी चूक. माझी गाडी एका ओळखीच्या भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) बंद पडलेल्या चिरेखाणीत (जांभ्या दगडाच्या खाणीत), त्याच्या परवानगीने, फिरते. रस्त्यावर जात नाही. भंगारातून इंजिन घेताना मात्र पावती आणि इंजिन नंबर लिहून घ्या. गाडी मोडीत निघाली की मूळ मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (कलम ५५), ते झालंय का हेही विचारा.

दोन मिलिमीटरची गोष्ट

माझ्या गाडीला पुढे स्विफ्टचे हब होते आणि मागे ओमनीचा एक्सल. पहिली चूक इथेच झाली. स्विफ्टचा पीसीडी ४ बाय १००, ओमनीचा ४ बाय ११४.३. पीसीडी म्हणजे सगळे स्टड, हबावरचे चाक धरणारे आट्यांचे दांडे, ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास; ४ बाय १०० म्हणजे चार स्टड, १०० मिमी व्यास. पुढचं चाक मागे बसेना, मागचं पुढे बसेना, एक स्टेपनी धड कुठेच चालेना. पुढचे-मागचे हब वेगवेगळ्या गाड्यांचे घेणार असाल तर दोन्हींचा पीसीडी एकच आहे का, एवढं तरी पैसे देण्याआधी बघा.

दुसरी चूक मला जास्त लागली. पुढच्या हबांना एका दुकानातून जुन्या अलॉय रिम घेतल्या, चौदा इंची, चार भोकांच्या. दुकानदार म्हणाला, "शंभरचाच पीसीडी आहे, बसेल." बसल्या. नट थोडे जड गेले, पण गेले. चिरेखाणीत पाच-सहा फेऱ्या झाल्यावर पुढून टकटक यायला लागली. नट ढिले निघाले, आवळले. पुन्हा तीन फेऱ्या, आणि वळणावर एक स्टड मुळापासून तुटून चिऱ्याच्या भुकटीत जाऊन पडला.

मेस्ताने (मिस्त्रीने) रिम उलटी करून मागच्या बाजूचा मळ वायर ब्रशने काढला. आत कोरलेलं होतं: ४ बाय ९८. फियाटचा पीसीडी. "बाब, हें रोद हाचें न्हय," एवढंच तो म्हणाला. आणि खरंच, ते चाक त्या हबाचं नव्हतंच.

९८ आणि १०० मध्ये फरक दोन मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक स्टडपाशी एक मिलिमीटर. डोळ्याला तो दिसत नाही आणि रिमच्या भोकांत एवढी ढील असतेच. पण नटाचा निमुळता भाग रिमच्या खाचेत पूर्ण टेकत नाही, एका कडेलाच चावतो. आवळताना स्टड बाहेरून आत वाकतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात तो वाक थोडा उघडतो, थोडा मिटतो. तार पुढे-मागे वाकवत राहिली की तुटते, तसा तो तुटतो. त्यात फियाटच्या रिमचं मधलं भोक ५८.१ मिमीचं आणि स्विफ्टच्या हबाचा उंचवटा ५४.१ मिमीचा, म्हणजे चाकाला मधोमध धरून ठेवणारंही काही नव्हतं. फोर्डच्या फिगोची रिम ४ बाय १०८ असते. ती निदान बसतच नाही, त्यामुळे जीव वाचतो. बसल्यासारखं करणारी रिम जास्त वाईट.

म्हणून दुकानदाराच्या तोंडावर विसंबू नका, व्हर्नियर घेऊन जा. चार भोकांच्या रिमला समोरासमोरच्या दोन भोकांच्या एकाच बाजूच्या कडेपासून कडेपर्यंत मोजलं की पीसीडी मिळतो. पाच भोकांना समोरासमोर जोडी नसते, तिथे शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर १.७०१ ने गुणायचं. जिप्सीच्या रिमवर ते अंतर ८२ मिमीच्या आसपास येतं, म्हणजे ५ बाय १३९.७.

नटांचंही तसंच. सुझुकीचे स्टड एम १२ बाय १.२५ चे (१२ मिमी जाड, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), होंडा आणि टोयोटाचे एम १२ बाय १.५ चे. १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर हाताने दीड-दोन फेरे जातो आणि अडतो. इथे माणूस पाना लावतो आणि आटे खाऊन टाकतो. नट हाताने तळापर्यंत जात नसेल तर तो त्या स्टडचा नाही. होंडाच्या कंपनी रिमला गोल बुडाचे नट लागतात, बहुतेक बाजारी अलॉयना निमुळते. अदलाबदल केली तर नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दिवशी ढिला सापडतो. जाड अलॉय किंवा स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) घातल्यावर नट स्टडवर निदान आठ-नऊ पूर्ण फेरे बसायला हवा, म्हणजे साधारण स्टडच्या जाडीइतका. त्याहून कमी बसत असेल तर लांब स्टड घाला. स्पेसर शक्यतो नकोच.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अलॉय आणि लोखंडी हब एकमेकांना असे धरतात की दोन पावसाळ्यांनंतर घण घेऊन बसावं लागतं. हबाच्या मधल्या उंचवट्यावर ग्रीसचा हलका हात फिरवा, पण नटाच्या बैठकीवर आणि आट्यांवर नको. तेलकट आट्यांवर टॉर्क रेंच फसतो, ठरलेल्या आकड्यावर टिक वाजते आणि स्टड मात्र जास्त ताणलेला असतो. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे.

मोठं चाक, मंद गाडी

मोठ्या चाकांचा मोह सगळ्यांना असतो. हिशेब करून बघा. मारुती ८०० चा १४५/७० आर १२ टायर उभा मोजला तर ५०८ मिमी भरतो. त्याच्या जागी १७५/६५ आर १४ घातला तर ५८३ मिमी. व्यास सुमारे १५ टक्क्यांनी वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर तितकाच लांब झाला. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो ५० दाखवील तेव्हा गाडी ५७ वर असेल, आणि चढावर इंजिन धापा टाकील. ओमनीचा डिफरन्शियल सामान ओढायला बनवलेला, तो थोडं मोठं चाक खपवून घेतो. पण अंदाजाने नको. दोन्ही चाकं उचलून एकत्र एक पूर्ण फेरा फिरवा आणि प्रॉपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला जाणाऱ्या दांड्यावर) खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. जेवढे फेरे, तेवढं गुणोत्तर.

इंग्लंडच्या कॅटरहॅमने २०१३ मध्ये ४९० किलोची एक सेव्हन, म्हणजे त्यांची दोन सीटची उघडी हलकी गाडी, आणली. तिला सुझुकीचं ६६० सीसी तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ८० अश्वशक्ती, आणि टायर १५५/६५ आर १४. ज्यांचा हाच धंदा आहे ते एवढ्याशा रुंदीवर भागवतात. आपण मात्र पाचशे किलोच्या सांगाड्याला १९५ चे टायर लावून मोकळे होतो. हलक्या गाडीखाली रुंद टायर गरमच होत नाही, आणि आपल्या पावसात पाण्यावर तरंगतो. हवाही जुन्या गाडीच्या स्टिकरवरून भरू नका. एवढ्या हलक्या गाडीला ३० पीएसआय फार होते, अठरा-वीसपासून सुरू करून टायरच्या पूर्ण रुंदीवर खडू फासून बघा कुठे घासतो ते. जुना टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आणि रबर वाळलेलं, असे टायर आपल्याकडे मांगराच्या माळ्यावर ढिगाने पडलेले असतात. फुकट मिळाले तरी घेऊ नका.

इंजिन सुटं घेऊ नका

जमलं तर अख्खी मोडीतली गाडीच घ्या. सुटं इंजिन स्वस्त दिसतं. मग स्टार्टर, फ्लायव्हील, क्लच, मोटार माउंटिंग, अ‍ॅक्सिलरेटर केबल, एकेकासाठी मडगाव-म्हापसा-बेळगाव अशा वाऱ्या सुरू होतात. कार्ब्युरेटरचं इंजिन एवढ्यावर भागतं. इंजेक्शनचं असेल तर ईसीएम (इंजिनचा संगणक), पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर आणि त्याच गाडीची चावी हवी. वायरिंग कातरीने कापलेलं दिसलं तर सरळ परत फिरा. इमोबिलायझरवालं (आपली चावी ओळखल्याशिवाय सुरू न होणारं) इंजिन चावीशिवाय म्हणजे नांगर आहे, होडीला टाकायला बरा.

इंजिन आडवं बसतं की उभं, हे नीट बघा. मारुती ८०० चं इंजिन आडवं, पुढची चाकं ओढणारं. ते पुढे ठेवून मागची चाकं फिरवायचा हट्ट धरू नका. गिअरबॉक्स, हब, शाफ्टसकट सगळा संच सीटमागे न्या. तेव्हा स्टिअरिंगचे हात चासीला पक्क्या रॉडने जखडायला विसरू नका, नाहीतर मागची चाकं आपल्या मर्जीने वळतात. ओमनी आणि जिप्सीची इंजिनं उभी, मागच्या एक्सलला शक्ती देणारी, म्हणून सेव्हनसारख्या गाडीला तीच सोयीची. ओमनीत चालक इंजिनावर बसतो, त्यामुळे गिअरचा दांडा पुढे असतो. तुमच्या गाडीत तो मागे यायला हवा, लिंकेज नव्याने बनवावं लागेल. जिप्सीचा डिफरन्शियल एक्सलच्या मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. शाफ्टसाठीचा मधला बोगदा वेल्ड करण्याआधी हे मोजा. माझ्या ओळखीच्या एकाने नंतर मोजलं.

आता आतलं सामान. बोअर करायला (सिलिंडर आतून कापून मोठा करायला) ब्लॉक लेथवाल्याकडे टाकून मग पिस्टन शोधत फिरणं ही नेहमीची चूक. आधी पिस्टन आणि रिंगांचा संच हातात घ्या, मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. ओव्हरसाइझ (मूळ मापाहून मोठ्या) पिस्टनने ताकद वाढते, हा गैरसमजही सोडा. ओमनीच्या या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७२ मिमी. ०.५० चा ओव्हरसाइझ टाकला तर ७९६ चे ८०८ सीसी होतात. बारा सीसी! ओव्हरसाइझ झीज भरून काढायला असतो, जोर वाढवायला नाही.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, फेसिंगला (तळ कापून सपाट करायला) देण्याआधी त्यावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजची पातळ पात घालून बघा. ०.०५ मिमीची पात आत जात नसेल तर उगाच कापू नका. आणि टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप जुने ठेवून वरचं इंजिन चकाचक करण्यात काही अर्थ नाही.

तापायला लागली तर

गाडी तापायला लागली की रेडिएटर मोठा घालायची घाई होते. माझा रेडिएटर आधीच मोठा होता. किट कारचं नाक खाली असतं, त्यामुळे रेडिएटर इंजिनपेक्षा खाली जातो आणि हेडमध्ये हवेचा फुगा अडकतो. काटा नव्वदवर, हात लावला तर रेडिएटर थंड, असं दिसलं की ओळखा. पाण्याची टाकी सगळ्यात उंच जागी, म्हणजे जवळजवळ डॅशबोर्डजवळ, बसवली आणि हेडवरून तिला एक बारीक पाइप नेला. त्यानंतर मे महिन्यातही काटा हलला नाही.

चाळीसच्या पुढे स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंगआधी रिमचं मधलं भोक हबावर घट्ट बसतंय का बघा, तेवढ्याला प्लास्टिकची रिंग मिळते. क्लच दाबूनही गिअर कुरकुरत असेल तर क्लच प्लेट आणि फ्लायव्हील एकाच गाडीचे आहेत का, ते तपासा. चार गिअर मागे आणि एक पुढे असं झालं असेल तर डिफरन्शियल उलटा बसलाय. हसू नका, होतं.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल पितं. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, कार्ब्युरेटरची जुनी पॅकिंगही टिकत नाहीत, दोन्ही नवीन घाला. मिरग लागायच्या आत टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा, बॅटरी काढून घरात ठेवा, गाडी फळ्यांवर चढवा म्हणजे टायर एका जागी चपटे होणार नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते. बोळा घातलाय अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधून ठेवा. मी बांधली नव्हती, आणि दसऱ्याला अर्धा दिवस स्पार्क तपासत बसलो.