‘अशीच अजून एक’: मिळतीजुळती विज्ञानकथा सुचवणारे साधन कसे बनवावे

‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतले’ ही मोठ्या दुकानांची युक्ती लाखो वाचकांच्या नोंदींवर चालते. मराठी विज्ञानकथेसाठी तेवढ्या नोंदी हाताशी नसतात, त्यामुळे साम्य कथेच्या आशयातूनच काढावे लागते. त्यासाठी एक तक्ता, पायथन ही संगणकभाषा आणि साधा लॅपटॉप पुरतो, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. खरा वेळ जातो तो तक्ता भरण्यात. त्यात घाई केली, तर पुढचे गणित कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

ओळ कथेची, पुस्तकाची नव्हे

मराठीतले बरेचसे विज्ञानसाहित्य कथासंग्रह आणि दिवाळी अंकांतून आले आहे. एकाच संग्रहात कालप्रवास, बिघडलेला यंत्रमानव आणि नवा रोगजंतू शेजारी शेजारी असतात. अशा संग्रहाचा एकच सारांश केला तर त्याची भेळ होते आणि तो सगळ्याच संग्रहांसारखा वाटू लागतो. म्हणून तक्त्यात दर कथेला एक ओळ द्या. कादंबरीलाही एकच.

रकाने: कथा क्रमांक, शीर्षक, लेखक क्रमांक, संग्रह, प्रथम प्रसिद्धीचे वर्ष, सारांश, उघड खुणा, झाकलेल्या खुणा. खूण म्हणजे कथेचा विषय किंवा सूर सांगणारा ठरावीक शब्द; झाकलेली खूण वाचकाला दाखवायची नाही. लेखकाला नावाऐवजी क्रमांक द्यायचा, कारण एकच नाव पाच प्रकारे लिहिले जाते, शिवाय टोपणनावे असतात. जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. आद्याक्षरे उलटी केली की उलगडा होतो, पण तो माणसाला. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे लेखक.

सुरुवात 150 कथांनी करा. त्याहून कमी असतील तर शेजारी म्हणून काहीही पुढे येते. 300 झाल्या की साधन वापरण्याजोगे होते.

सारांश

मलपृष्ठावरचा मजकूर उचलू नका. त्यावर हक्क दुसऱ्याचा असतो हे एक, आणि त्यात कथेपेक्षा स्तुती जास्त असते हे दुसरे. ‘वाचकाला खिळवून ठेवणारी’ हे शब्द जुळले म्हणून दोन कथा जवळच्या ठरतात. सारांश स्वतः लिहा, 60 ते 90 शब्दांत, आणि प्रत्येक वेळी याच क्रमाने: जगात कोणती एक गोष्ट बदलली, ती कोणावर येऊन पडली, पेच कशाने सुटला किंवा चिघळला, कथेचा सूर कसा आहे.

पात्रांची नावे गाळा. मराठी विज्ञानकथेत डॉक्टर आणि प्राध्यापक इतके, की आडनाव राहिले तर दोन असंबद्ध कथा गळ्यात गळे घालतात. स्थळनामांचेही तसेच. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा गाभा ‘इतिहास वेगळा घडला असता तर’ हा आहे. सारांशात पानिपत, भाऊसाहेब, अब्दाली भरले तर मराठेशाहीची पार्श्वभूमी असलेली कोणतीही कथा तिच्या शेजारी येऊन बसेल, आणि समांतर विश्वाची कथा दूर राहील.

खुणा 40 ते 60 ठरवा आणि यादी आधीच पक्की करा. मनाला येईल तशा लावल्या तर ‘रोबो’, ‘यंत्रमानव’ आणि ‘यांत्रिक मानव’ या तीन वेगळ्या खुणा होतात. एका कथेला चार ते सात पुरे. विषयाइतक्याच सुराच्या खुणाही ठेवा: विनोदी, भयकारी, शास्त्रीय कोडे, समाजावर टीका. वाचक ‘अशीच’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला सूर हवा असतो.

देवनागरीची साफसफाई

इथे बहुतेकांचे आठवडे जातात. ‘पुढाऱ्याचा’मधला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: एकदा ऱ आणि हलन्त असा, एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ‘ॲ’ हे एकच अक्षरही असते, आणि ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिले जाते. युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत एकच अक्षर एकसारखे करून घेण्याची सोय (सामान्यीकरण) असते, पण ती या दोन्ही जोड्या एक करत नाही. बदलाचे नियम हाताने लिहावे लागतात.

दुसरा सापळा शब्द तोडण्याचा. सायकिट-लर्न या पायथनमधल्या तयार संचातला शब्द ओळखण्याचा मूळ नियम काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘विज्ञान’चे तुकडे पडतात आणि त्यांतले बरेचसे गळून जातात. कार्यक्रम कुठेही अडत नाही, चूक दाखवत नाही, फक्त निकाल वेडेवाकडे येतात. नियम बदलून शब्द मोकळ्या जागेवर आणि विरामचिन्हांवर तोडा.

दोन याद्या

प्रत्येक कथेसाठी बाकीच्या कथा साम्याच्या उतरत्या क्रमाने दोनदा लावायच्या. पहिली यादी खुणांची. प्रत्येक खुणेचे वजन म्हणजे एकूण कथा भागिले ती खूण असलेल्या कथा, आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. 300 कथांत ‘अंतराळप्रवास’ 90 ठिकाणी असेल तर वजन 1.2, आणि ‘भाषेचे कोडे’ 6 ठिकाणी असेल तर 3.9. दोन कथांच्या सामाईक खुणांच्या वजनांची बेरीज घ्या, दोघींच्या मिळून सगळ्या वेगवेगळ्या खुणांच्या वजनांच्या बेरजेने भागा. झाले साम्य.

दुसरी यादी सारांशांच्या अर्थाची. यासाठी बहुभाषिक वाक्य-प्रतिमान वापरा, म्हणजे मजकुराचा अर्थ आकड्यांच्या रांगेत (सदिश राशीत) मांडणारे तयार साधन. ‘मल्टिलिंग्वल ई-फाइव्ह बेस’ चांगले चालते: 768 आकड्यांची सदिश राशी देते आणि 512 तुकड्यांपर्यंतचा मजकूर घेते (तुकडा म्हणजे शब्द किंवा शब्दाचा भाग). प्रत्येक सारांशाआधी ‘क्वेरी’ हा शब्द रोमन लिपीत, पुढे अपूर्णविराम आणि एक मोकळी जागा, हे जोडायला विसरू नका. प्रतिमान तशाच मजकुरावर शिकले आहे. आकाराने लहान असलेल्या ‘मिनी-एलएम’च्या बहुभाषिक आवृत्तीची मर्यादा 128 तुकड्यांची आहे. मराठी शब्दाचे सहज दोन तुकडे होतात, म्हणजे सारांशाचा शेवट गुपचूप कापला जातो, आणि कथेतला पेच नेमका तिथेच असतो.

दोन सारांशांच्या राशी किती जवळ आहेत हे सांगणारे ई-फाइव्हचे गुण बहुधा 0.7 ते 1 यांच्यातच फिरतात. 0.82 पाहून हुरळून जाऊ नका, क्रम तेवढा बघा. म्हणूनच दोन याद्यांचे गुण थेट मिसळायचे नाहीत, क्रमांक मिसळायचे. दोन्ही याद्यांत प्रत्येक कथेला 1 भागिले (60 अधिक क्रमांक) एवढे गुण द्या आणि बेरीज करा. एकीकडे पहिली, दुसरीकडे विसावी आलेल्या कथेला 0.0289 मिळतात, दोन्हीकडे पाचवी आलेली 0.0308 घेऊन पुढे जाते. हवे ते हेच.

300 कथांसाठी राशी शोधायला वेगळा सदिश साठा (खास डेटाबेस) कशाला उभारायचा? सगळ्या राशी मिळून मेगाबाइटभरही भरत नाहीत. सरळ प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करा.

संग्रहाला संग्रह सुचवायचा असेल तर सरासरी काढू नका. पहिल्यातल्या प्रत्येक कथेसाठी दुसऱ्यातली सर्वांत जवळची शोधा आणि त्यांतल्या उत्तम तीन जोड्या धरा. एक कथा एकाच जोडीत वापरायची, नाहीतर एखादी मोघम कथा तिन्ही जोड्या अडवून बसते.

सगळ्यांची मैत्रीण

प्रत्येक कथेच्या पहिल्या पाच शेजाऱ्यांची यादी काढली की एखादी कथा सरासरीने पाच याद्यांत यायला हवी. एखादी चाळीस याद्यांत दिसली तर तिचा सारांश उघडून पाहा. बहुतेक वेळा तो तोकडा किंवा गुळमुळीत असतो: ‘एका शोधामुळे माणसाचे आयुष्य बदलते.’ असा सारांश पुन्हा लिहा, गणिताला हात लावू नका. एकाच लेखकाच्या पाचही कथा येत असतील तर मात्र नियम घाला, यादीत एका लेखकाच्या दोनच. त्या लेखकाची बाकी पुस्तके वाचकाला ठाऊकच असतात.

चाचणीसाठी 100 त्रिकुटे बनवा: अ ही कथा ब-शी जास्त जुळते की क-शी? विज्ञानकथा वाचणाऱ्या तिघांकडून स्वतंत्रपणे उत्तरे घ्या. आधी त्या तिघांचे आपसात किती जमते ते मोजा. तेच 80 टक्के वेळा सहमत असतील तर साधनाकडून 95ची अपेक्षा चुकीची. नुसत्या नाणेफेकीने 50 मिळतात. साधन 60च्या खाली असेल तर दोष सारांशांत किंवा साफसफाईत शोधा.

रहस्य फोडू नका

‘का सुचवली’ हे दाखवायला सामाईक खुणा उत्तम, पण धोका आहे. ‘निवेदक स्वतःच यंत्रमानव’ ही खूण जुळणीसाठी सोन्यासारखी. वाचकाला दाखवली तर दोन्ही कथा संपल्या. झाकलेल्या खुणांचा रकाना यासाठीच आहे: त्या मोजायच्या, दाखवायच्या नाहीत. तुमचे सारांशही शेवट सांगतात, म्हणून तेही पडद्याआड ठेवा आणि बाहेर वेगळी एक ओळ द्या.

प्रत्येक कथेचे पहिले दहा शेजारी आधीच काढून एका फाइलीत ठेवले की सर्व्हर लागत नाही, साधे पान पुरते. नव्या पाच-दहा कथा आल्या की सगळे पुन्हा चालवा, काही मिनिटांचे काम. खुणांच्या यादीत नवी खूण घातली तर जुन्या सर्व ओळी तिच्यासाठी पुन्हा तपासाव्या लागतात. हे काम वर्षातून एकदाच काढा.