लिनक्सवर आवाज बसला? पाटकऱ्यासारखे उलटे चालत जा

पांझरेच्या काठी फड बागायतीत एखादे वावर कोरडे राहिले, तर पाटकरी, म्हणजे पाटाचे पाणी वाटणारा माणूस, नवा बंधारा बांधायला घेत नाही. त्या वावरापासून चारीच्या कडेने तो वर चालत जातो. जिथे पाणी भेटते, त्याच्या जरा खालीच दोष असतो: कुठे चारी फुटलेली, कुठे तोंडाशी गवत अडकलेले. लिनक्सच्या कॉम्प्युटरवर आवाज गेला की मात्र बरेच जण सगळी सिस्टीमच पुसून नव्याने टाकतात. अर्धा दिवस त्यात जातो, आणि कारण न सापडल्यामुळे दोष आठवडाभरात परत हजर होतो.

इथेही पाटासारखीच वाट आहे. ॲपमधून आवाज निघतो आणि पाइपवायरकडे, म्हणजे आवाजाची ने-आण करणाऱ्या सेवेकडे येतो. तो कोणत्या स्पीकरकडे सोडायचा हे वायरप्लंबर ठरवतो, म्हणजे पाटकरी तोच. पुढे कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) अल्सा, मग ध्वनीची चिप, मग जॅक आणि शेवटी स्पीकर. फेडोरा 34 (वायरप्लंबर 35 पासून), उबुंटू 22.10, डेबियन 12 (ग्नोम) आणि लिनक्स मिंट 22 पासून ही रचना मुळातच येते. त्याआधी पाइपवायरच्या जागी पल्सऑडिओ होता, म्हणून नेटवरचे जुने उपाय जसेच्या तसे लावू नका.

खालच्या कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

सुरुवात कोरड्या वावरापासून: जॅक आणि स्पीकर

आधी लक्षण कागदावर लिहा. आवाज अजिबात नाही, तुटतो, खरखरतो की गुणगुणतो? चार्जर लावल्यावर की बॅटरीवर? झोपेतून उठल्यावर की पहिल्यापासून? या ओळींवरून पुढचे निम्मे काम हलके होते.

मग जॅक. कपाशीच्या हंगामात जिनिंगजवळच्या दुकानात, सायबर कॅफेत किंवा घरातही हवेत बारीक तंतू उडतात, आणि 3.5 मिलिमीटरच्या भोकात ते धुळीबरोबर घट्ट बसतात. आत एक छोटी स्प्रिंगची पट्टी असते. पिन आत गेली की ती हलते आणि हेडफोन लागल्याची खूण चिपला मिळते. बोळ्याने ती दाबून धरली, तर काहीच लावलेले नसताना कॉम्प्युटर हेडफोन लागल्याचे समजतो आणि स्पीकर गप्प करतो. खात्री करण्यासाठी सगळ्या पिना काढा आणि 'पीएसीटीएल लिस्ट कार्ड्स' चालवा. पोर्टच्या यादीत हेडफोनपुढे 'नॉट अव्हेलेबल' हवे. तिथे नुसते 'अव्हेलेबल' दिसले तर दोष इथेच आहे. मशीन पूर्ण बंद करा, चार्जर काढा, कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने हवा मारा, मग हेडफोनची पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. कापसाची काडी घालू नका, ती आणखी तंतू सोडते. तोंडाने फुंकरही मारू नका, ओल आत जाते.

लॅपटॉप ॲम्प्लिफायरला जोडल्यावर जाड गुणगुण येत असेल, तर चार्जर उपटून पाहा. त्याच क्षणी गुणगुण थांबली तर लिनक्सचा काही संबंध नाही. दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमधून फिरणारी ती विजेची 50 हर्ट्झची लहर आहे. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, किंवा मधल्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. चार्जरची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे.

अल्सा: थेट चारीत पाणी सोडून बघा

'एप्ले -एल' चालवा. कार्डांची यादी येते. 'कार्ड 0' बऱ्याचदा एचडीएमआय निघते आणि खरे ॲनालॉग कार्ड 1 वर असते, म्हणून नावे नीट वाचा.

यादी रिकामी असेल तर अडचण कर्नलच्या पातळीवर आहे. 'जर्नलसीटीएल -के -बी' उघडा, तिरपी रेघ देऊन 'एसओएफ' (साउंड ओपन फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) शोधा. फर्मवेअर सापडली नाही अशी ओळ दिसली तर ती बसवा. डेबियनमध्ये पॅकेजचे नाव फर्मवेअर-सॉफ-साइन्ड (त्यासाठी नॉन-फ्री-फर्मवेअर विभाग चालू हवा), फेडोरात अल्सा-सॉफ-फर्मवेअर, आर्चमध्ये सॉफ-फर्मवेअर. गेल्या काही वर्षांतल्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपना ही लागते. त्याच मशीनवर विंडोजही असेल तर विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करून एकदा पूर्ण शटडाऊन करा. विंडोज चिपला अर्धवट झोपेत सोडतो आणि लिनक्सला ती उठवता येत नाही, असे होते.

कार्ड दिसत असेल तर 'अल्सामिक्सर' उघडा. पहिल्यांदा एकच पट्टी दिसेल, ती पाइपवायरची आहे. तिच्यावर काही ठरवू नका. एफ6 दाबून खरे कार्ड निवडा. पट्टीखाली 'एमएम' म्हणजे बंद, 'ओओ' म्हणजे चालू, आणि एम दाबला की बदलते. मास्टर, स्पीकर, हेडफोन तिन्ही पाहा. 'ऑटो-म्यूट मोड' ही पट्टी असेल तर ती 'डिसेबल्ड' करून बघा. जॅक खराब असलेल्या मशीनवर स्पीकर लगेच बोलू लागतो.

आता खरी चाचणी. ब्राउझर, गाण्याचे ॲप आणि आवाजाच्या सेटिंगची खिडकी सगळे बंद करा आणि दहा सेकंद थांबा. सेटिंगची खिडकी उघडी राहिली तर ती आवाजाची पातळी मोजत बसते आणि कार्ड मोकळे होत नाही. मग चालवा:

स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:1,0 -सी 2 -टी डब्ल्यूएव्ही

इथे डी मोठा, आणि 1,0 च्या जागी तुमच्या यादीतले कार्ड व डिव्हाइस. डावीकडून 'फ्रंट लेफ्ट', उजवीकडून 'फ्रंट राइट' ऐकू यायला हवे. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आले तर काहीतरी उघडेच आहे. इथे आवाज आला तर चिप, ड्रायव्हर, स्पीकर सगळे ठणठणीत आहे, दोष वर. नाही आला तर पाइपवायरला हात लावण्यात अर्थ नाही.

पाटकऱ्याची वही

'डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस' ही सगळ्यांत उपयोगी कमांड. 'सिंक्स' खाली स्पीकरची यादी येते, आणि ज्याच्यापुढे तारा (*) असेल त्याच्याकडे आवाज चाललाय. तो एचडीएमआयपुढे असेल आणि टीव्ही बंद असेल, तर गाणे तिकडे वाहून जातेय. स्पीकरचा आकडा पाहा, समजा 52, आणि 'डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट 52' करा. आकडा दर वेळी बदलू शकतो.

अल्साच्या चाचणीत आवाज आला, पण इथे फक्त 'डमी आउटपुट' दिसतोय? म्हणजे वायरप्लंबरला कार्ड घेता आलेले नाही, किंवा त्याने कार्डाचे प्रोफाइल 'ऑफ' असे लक्षात ठेवले आहे. जुन्या नोंदी तो होम फोल्डरमध्ये, .लोकल/स्टेट/वायरप्लंबर इथे ठेवतो. त्या फोल्डरचे नाव बदला, पुसू नका. मग:

सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स

याच्याआधी सुडो (ॲडमिनच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) लावायचा नाही. या सेवा प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतःच्या असतात, रूटच्या नव्हेत. सुडो लावून वेगळाच गोंधळ करून घेणारे पुष्कळ भेटतात. तसेच वापरकर्त्याला 'ऑडिओ' ग्रुपमध्ये घालण्याचा जुना सल्ला आज गरजेचा नाही.

'पीएसीटीएल इन्फो' मध्ये सर्व्हरचे नाव 'पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर 1.0.5)' अशा धर्तीचे हवे. नुसते पल्सऑडिओ दिसले आणि पाइपवायरही चालू असेल, तर दोघे एकाच कार्डावर हक्क सांगताहेत. पल्सऑडिओची सेवा बंद करा.

पहिला शब्द गिळला जातो

हा दोष सगळ्यांत जास्त छळतो, कारण आवाज येत असतो आणि म्हणून कोणी त्याला दोष मानत नाही. मेसेजची घंटी अर्धीच वाजते. ऑनलाइन तासाला सर बोलू लागले की पहिला शब्द ऐकू येत नाही. मध्येच स्पीकरमधून बारीक 'टप' येतो.

कारण वीज वाचवण्यात आहे, आणि ती दोन ठिकाणी वाचवली जाते. कोणी काही वाजवत नसेल तर वायरप्लंबर 5 सेकंदांनी कार्ड सोडून देतो. कार्ड सुटले की कर्नलचा एसएनडी_एचडीए_इंटेल ड्रायव्हर स्वतःचा वेळ मोजू लागतो, आणि तो संपला की चिप झोपते. 'टप' तेव्हाचा. चिप परत जागी होईपर्यंत पहिले अक्षर निघून गेलेले असते.

मोजायला घड्याळ घ्या. ही फाइल वाजवा:

पीडब्ल्यू-प्ले /यूएसआर/शेअर/साउंड्स/अल्सा/फ्रंट_सेंटर.डब्ल्यूएव्ही

(फ्रंट आणि सेंटरची पहिली अक्षरे मोठी.) लगेच पुन्हा वाजवली तर 'फ्रंट सेंटर' पूर्ण येते. आता 4 सेकंद थांबून, मग 8, मग 20 सेकंद थांबून वाजवा. कधीपासून नुसते '...ट सेंटर' ऐकू येते ते लिहा. मग ड्रायव्हरचा आकडा पाहा:

कॅट /सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह

1 असेल तर शब्द साधारण 6 सेकंदांच्या शांततेनंतर गिळला जाईल, 10 असेल तर 15 सेकंदांनंतर. तुमचे घड्याळ आणि ही बेरीज जुळली की कारण पक्के. आकडा 0 असेल तर कर्नल निर्दोष आहे, मग वायरप्लंबरच्या सेटिंगमध्ये सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स 0 करा.

ड्रायव्हरवरचा तात्पुरता उपाय:

इको 0 | सुडो टी /सिस/मॉड्यूल/एसएनडी_एचडीए_इंटेल/पॅरामीटर्स/पॉवर_सेव्ह

याने शब्द पूर्ण येऊ लागला तरच कायमचे करा. /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये ऑडिओ.कॉन्फ नावाची फाइल बनवा, तिच्यात एकच ओळ: 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=0'. मग मशीन रीस्टार्ट करा. तरीही बॅटरीवर दोष परत आला तर टीएलपी (बॅटरी वाचवणारे सॉफ्टवेअर) बसवलेले आहे का पाहा. ते हा आकडा स्वतः बदलते आणि तुमची फाइल बाजूला पडते. त्याची सेटिंग /ईटीसी/टीएलपी.कॉन्फ मध्ये साउंड_पॉवर_सेव्ह या नावाने सुरू होणाऱ्या ओळींत आहे, तिथे 0 करा. बॅटरी थोडी जास्त जाते. रोज ऑनलाइन तास ऐकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा सौदा बिनदिक्कत करावा.

खरखर

'पीडब्ल्यू-टॉप' उघडा आणि 'ईआरआर' हा रकाना पाहत गाणे वाजवा. खरखर आली की आकडा वाढतो का? वाढत असेल तर प्रोसेसर वेळेत आवाज पुरवत नाही. पाइपवायर साधारण 1024 नमुन्यांचा घास घेतो. 48000 हर्ट्झला तो 21.3 मिलिसेकंद पुरतो. घास मोठा करून बघा:

पीडब्ल्यू-मेटाडेटा -एन सेटिंग्ज 0 क्लॉक.फोर्स-क्वांटम 2048

आता 42.7 मिलिसेकंद मिळतात. गाणी ऐकायला काही फरक पडत नाही, पण आवाजाला जरासा उशीर होतो. परत मूळ स्थितीला यायला 2048 च्या जागी 0. दुपारीच खरखरते आणि रात्री नाही, असे असेल तर आधी 'सेन्सर्स' चालवून तापमान बघा. भुसावळ-जळगावच्या 45 अंशांच्या दुपारी धुळीने भरलेला पंखा प्रोसेसरला गार ठेवू शकत नाही, तो वेग कमी करतो आणि आवाज तुटतो. तिथे पंखा साफ करणे हाच उपाय. ईआरआर वाढत नसेल आणि तरी खरखर असेल, तर वायर किंवा स्पीकर बदलून पाहा.

माइक

आजीकडून अहिराणी ओव्या किंवा कानबाईची गाणी रेकॉर्ड करायची असतील, तर आधी दहा सेकंदांची चाचणी घ्या: 'पीडब्ल्यू-रेकॉर्ड चाचणी.डब्ल्यूएव्ही' (फाइलचे नाव इंग्रजीत द्या), कंट्रोल-सीने थांबवा, 'पीडब्ल्यू-प्ले'ने ऐका. सूं-सूं जास्त असेल तर अल्सामिक्सरमध्ये एफ4 दाबा आणि 'माइक बूस्ट' पाहा. बऱ्याच मशीनवर तो 10-10 डेसिबलच्या पायऱ्यांनी 30 पर्यंत जातो आणि कोणीतरी तो पूर्ण चढवून ठेवलेला असतो. 10 वर आणा, 'कॅप्चर' वाढवा, आणि माइक तोंडाजवळ घ्या.

ब्लूटूथ हेडफोनचा आवाज मीटिंगमध्ये एकदम टेलिफोनसारखा झाला तर तो बिघाड नव्हे. हेडफोनचा माइक सुरू झाला की जोडणी चांगल्या ए2डीपीवरून बोलण्याच्या एचएफपी पद्धतीवर येते. माइक लॅपटॉपचा निवडा.

तरीही सुटले नाही तर

दोष कर्नलचाच असेल तर तो तुमच्या डिस्ट्रोच्या (उबुंटू, फेडोरा असे लिनक्सचे प्रकार) बग नोंदणीत टाका. 'अल्सा-इन्फो.एसएच --नो-अपलोड' एक फाइल बनवते. तीत चिपचे मॉडेल, कर्नलची आवृत्ती आणि सगळ्या पट्ट्यांची स्थिती असते. तिच्यासोबत लिहा: लॅपटॉपचे पूर्ण मॉडेल, स्पीकर-टेस्टमध्ये आवाज आला की नाही, आणि कोणत्या कर्नलपर्यंत नीट चालत होते. हे शेवटचे शोधायला मशीन सुरू करताना येणाऱ्या ग्रब मेनूच्या प्रगत पर्यायांत जुना कर्नल निवडा. त्यावर आवाज आला तर दोन्ही आवृत्त्यांचे आकडे द्या. दुरुस्त करणाऱ्याला तेवढ्यात मधले बदल तपासता येतात, आणि दुरुस्ती येईपर्यंत तुम्हाला त्या जुन्या कर्नलवर काम चालवता येते.